निव्वळ वजन

कळमन्याच्या वजनकाट्यावर बसते मी,
काचेच्या खोलीत, पाठीशी कूलर.
मिरचीचा ट्रक भरलेला येतो; लिहिते.
रिकामा होऊन परततो; लिहिते.
दोहोंतली वजाबाकी म्हणजे माल.
या क्विंटलांच्या कामात
पंचवीस मिलिग्रॅम काय चीज असते
हे कुणी शिकवलं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षापासून माझं काळीज
अधूनमधून उधळतं.
कारण लागत नाही. जिन्यात, न्हाणीत, पोळी उलटताना.
त्यावर एक जुनी, जालीम गोळी होती;
लग्न ठरताच डॉक्टर नंदेश्वरांनी ती सोडवली.
"महिनोन्‌महिने मुक्काम ठोकते अंगात,
पुढे बाळाच्या गळ्यातल्या ग्रंथीला नडेल."
दुसरी दिली. पांढरी, मधोमध रेघ.

मग दिवस गेले
आणि घरात सगळ्यांना डॉक्टरकी सुचली.
"काऊन वं, पोटुशी बाई गोळ्या खाते का?"
सासूबाईंचा प्रश्न. उत्तर त्यांच्याकडेच होतं.
डबीतल्या कागदावरही होतं काहीतरी, मुंगीएवढ्या अक्षरात:
गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी.
मी 'गर्भवतींनी' एवढंच वाचलं
आणि घडी घातली.
तीन आठवडे ती गोळी
कूलरच्या पाण्यात विरघळत गेली.

मे महिना, पाचवा माझा. शेहेचाळीस अंश.
काट्यावर बारा चाकांची गाडी,
आणि आकडा स्थिरच होईना.
वाटलं, काटा बिघडला.
काटा ठीक होता.

हमाल सुखदेवभाऊंनी रिक्षात घातलं,
मेयोपर्यंत हात सोडला नाही.
तिथे तोंडावर बर्फाचं पाणी,
रिकाम्या सिरिंजीत फुंकर मारायला लावली,
पाय वर केले.
एकशे नव्वद. हटेना.
हिना काझी नावाची पोरगेली डॉक्टर कानाशी वाकली:
"ताई, आता काही क्षण मरतोय असं वाटेल. मरणार नाही.
हे औषध रक्तात दहा सेकंदही टिकत नाही,
बाळापर्यंत जायला त्याला सवडच नाही."

पडद्यावरची रेघ आडवी झाली.
छातीतून कुणी जिना काढून घेतला.
आणि त्या पोकळीत,
पोटावर दाबून धरलेल्या यंत्रातून
टपटपटपटप,
एकशे चव्वेचाळीस,
आपल्याच नादात कुणीतरी,
वरच्या मजल्यावर काय चाललंय
याची खबर नसलेलं.

नंदेश्वर रागावले नाहीत. किती दिवस, एवढंच विचारलं.
"बंद करणं हाही एक उपचारच असतो, बाई.
त्याचाही डोस, त्याचेही दुष्परिणाम.
तू कोसळलीस तर त्याला रक्त कोण पुरवणार?"
खोटंही बोलले नाहीत:
"या गोळीनं बाळ कधी कधी थोडं बारीक राहतं.
म्हणून दर महिन्याला मोजू."
मोजायचं म्हटल्यावर मला धीर आला.

दोन किलो सातशे. मुलगी.
नर्सने टाचेतून थेंब काढून साखर पाहिली,
दिवसभर ठोके ऐकले.
मी भरलेली अडुसष्ट होते, रिकामी एकसष्ट.
उरलेले चार किलो तीनशे
कुठल्या खात्यात लिहू, कळेना.

"दुधात उतरते म्हणे गोळी," घरात पुन्हा सुरू.
उतरते, हिना म्हणाली,
पण तुमच्या काट्याला दिसणार नाही इतकी.
लक्ष मात्र ठेवा: दूध ओढते का, उठवूनही उठत नाही का,
हातपाय गार पडतात का.

आता सासूबाई बोलत नाहीत.
रात्री उशाशी पाण्याचा पेला ठेवतात,
ताटलीने झाकलेला,
ताटलीत गोळी.
पाजून झाल्यावर मी ती घेते
आणि घड्याळ धरून हिचे श्वास मोजत बसते.
अडतीस, एकोणचाळीस,
तेवढ्यात ही शिंकते.
पुन्हा एकपासून.